नागपूर किती तासांवर आहे?

आमच्या अंबरनाथच्या वस्तीत कुणाला अर्ज भरायचा असला, दाखला काढायचा असला किंवा रेल्वेचे आरक्षण करायचे असले, की माणसे माझ्याकडे येतात. मी एका कार्यालयात कारकून आहे, बी.कॉम. झालेला आहे आणि संध्याकाळी समाजमंदिरात दोन तास बसतो. त्यामुळे ‘भाऊंना विचारा’ असे एकमेकांना सांगायची सवय लोकांना लागून गेली आहे. आमच्याकडे विदर्भातली घरे बरीच. नागपूर, कामठी, भंडारा, वर्धा या बाजूची माणसे कारखान्यांच्या नोकऱ्यांसाठी इकडे आली आणि इथलीच झाली. तरी सुखदुःखाला तिकडे जावेच लागते. पूर्वी लोक गाडीचे विचारत. अलीकडे मात्र आठवड्यातून एकदा तरी कोणी विचारतोच, “जयभीम भाऊ, विमानाने नागपूर किती तास?”

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. मी उलट विचारतो, “विमानाचे तास सांगू, तिकिटाचे सांगू, की तुमचे सांगू?” ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटते. ती थट्टा नाही. हे तीन हिशोब खरोखर वेगवेगळे आहेत आणि तिसरा हिशोब न करता तिकीट काढले, तर कष्टाचा पैसा वाया जाण्याचा संभव असतो. म्हणून हा विषय एकदा सविस्तर मांडावा असे मनात होते.

आधी अंतराचे पाहू. हल्ली मुले मोबाइलवर पाहून सांगतात की मुंबई ते नागपूर विमानाचे अंतर ६८३ आहे. दुसरा म्हणतो ४२४. तिसऱ्याच्या मोबाइलवर ३६९ येते आणि मग वाद सुरू होतो. तिन्ही आकडे बरोबर आहेत. ६८३ हे किलोमीटर, ४२४ हे आपले जुने मैल आणि ३६९ हे सागरी मैल. जहाजे आणि विमाने सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. हे माप पृथ्वीच्या गोलावरून आले आहे. नकाशावर उत्तर-दक्षिण मोजताना जे अंश असतात, त्यातल्या एका अंशाचे साठ भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे साधारण एक सागरी मैल. गज, फर्लांग आणि किलोमीटर यांत जसा फरक असतो, तसाच हाही मापाचा फरक. अंतर तेच राहते.

हे अंतर म्हणजे दोन विमानतळांमधली जमिनीवरची सर्वांत जवळची रेघ. शाळेत पृथ्वीचा गोल असतो, त्यावर मुलांना एक प्रयोग करून दाखवता येतो. एक दोरा घ्यावा, त्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे नागपूरवर धरून ताणावे. दोरा ज्या वाटेने बसेल ती सर्वांत जवळची वाट. मुंबई-नागपूरला ती सरळच दिसते. पण मुंबईहून लंडनला दोरा ताणला, तर सपाट नकाशावर जी सरळ रेघ आपण पट्टीने मारतो तिच्या उत्तरेकडून तो जातो. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरल्यामुळे असे होते. आमच्या अभ्यासिकेतल्या मुलांनी हा प्रयोग केला तेव्हा त्यांना भूगोलाचा तो धडा पुन्हा शिकवावा लागला नाही.

आता रेल्वेकडे या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून नागपूर स्टेशन ८३७ किलोमीटर आहे. म्हणजे हवेतल्या रेघेपेक्षा १५४ किलोमीटर जास्त. गाडी कसारा घाट चढते, इगतपुरी, नाशिक रोड, मनमाड करत उत्तरेकडे जळगाव-भुसावळला जाते आणि तिथून अकोला, बडनेरा, वर्धा असे वळून नागपूरला पोहोचते. रूळ डोंगर, नदी आणि गावे पाहून टाकलेले असतात. नागपूरहून निघणारा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. त्याचा शिर्डीपर्यंतचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंतचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. त्या रस्त्याने स्वतःच्या मोटारीवाल्यांची सोय झाली. आपल्यापैकी बहुतेकांना अजून गाडी, एस.टी. किंवा खासगी बस हेच मार्ग आहेत, आणि आता कधीमधी विमान.

वेळेच्या हिशोबात पहिला येतो तो विमानाचा वेळ. या मार्गावरची मोठी जेट विमाने उंचावर गेल्यावर तासाला सव्वाआठशे-साडेआठशे किलोमीटर या वेगाने जातात. ६८३ ला ८३० ने भागले तर पन्नास मिनिटेही होत नाहीत. कागदावर नागपूर पाऊण तासाच्या थोडे पुढे आहे. पण विमान काही पहिल्या मिनिटापासून त्या वेगाने जात नाही. उंची गाठायला त्याला वीसएक मिनिटे लागतात आणि उतरतानाही तेवढीच. शिवाय नागपूर मुंबईच्या पूर्वेला असले, तरी मुंबईत वारा बहुधा समुद्राकडून येतो आणि विमानाला वाऱ्याला तोंड देऊन उडावे लागते. म्हणून ते आधी पश्चिमेला अरबी समुद्रावर जाते आणि तिथून वळून नागपूरची दिशा धरते. खिडकीजवळ बसलेल्या नवख्या माणसाला वाटते, हे आपल्याला भलतीकडेच नेत आहे. असे सगळे धरून हवेतला वेळ तासाच्या आसपास जातो. वाऱ्याचाही थोडा परिणाम होतो. हिवाळ्यात उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यामुळे नागपूरला जाताना काही मिनिटे वाचतात आणि परतताना तेवढी जास्त लागतात.

दुसरा वेळ तिकिटाचा. तिकिटावर साधारण दीड तास लिहिलेला असतो. ‘सुटण्याची वेळ’ म्हणजे विमान जमिनीवरून उचलण्याची वेळ, असे पुष्कळांना वाटते. ती विमान आपल्या उभ्या जागेवरून हलण्याची वेळ असते. पोहोचण्याची वेळ म्हणजे उतरून, चालत येऊन दुसऱ्या विमानतळावर उभे राहण्याची वेळ. मधले धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे हे सगळे त्या दीड तासात धरलेले असते. मुंबईत ही रांग मोठी असते. सांताक्रूझ-सहारच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी विमाने सोडता येत नाहीत, आणि इतक्या मोठ्या शहराचा भार एका वेळी एकाच धावपट्टीवर येतो. संध्याकाळी उतरणारी विमाने शहरावर घिरट्या घालत थांबतात ती यामुळेच. पावसाळ्यात हे आणखी वाढते. विमान कंपन्या हे ओळखून असतात. म्हणून त्या वेळापत्रकात थोडा जास्तीचा वेळ आधीच धरतात.

तिसरा वेळ आपला, म्हणजे आपल्या उंबरठ्यापासून तिकडच्या उंबरठ्यापर्यंतचा. तिकिटाच्या वेळेत हा कुठेच नसतो. अंबरनाथहून मुंबईचा विमानतळ चाळीस-पन्नास किलोमीटर. दिवसा जायचे तर लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका आणि तिथून भुयारी मेट्रोने टर्मिनल. २०२४ च्या ऑक्टोबरात ही भुयारी मेट्रो सुरू झाल्यापासून ते बरे झाले. तरी घरातून स्टेशन, जिने, गर्दी हे धरून दोन तास हाताशी ठेवावेत. विमानतळावर सुटण्याच्या दोन तास आधी पोहोचावे. सामान घेण्याची खिडकी तासभर आधी बंद होते आणि विमानात चढण्याचे दारही वीस-पंचवीस मिनिटे आधी बंद होते. इथे रेल्वेसारखे धावत जाऊन डबा पकडता येत नाही. मग तिकिटाचा दीड तास. नागपूरला उतरून बाहेर पडायला, सामान घ्यायला अर्धा तास. तिथून इंदोऱ्याला जायचे तर वर्धा रोडवरच्या विमानतळ स्टेशनापर्यंत रिक्षा आणि पुढे मेट्रो थेट इंदोरा चौकात नेते. त्याला पाऊण तास धरा. बेरीज करा. दोन, दोन, दीड, अर्धा आणि पाऊण. पावणेसात तास झाले.

पाऊण तासाचे नागपूर असे पावणेसात तासांवर जाते. तरीही गाडीपेक्षा ते कमीच आहे, यात शंका नाही. मुंबई-नागपूर दुरांतोला सुमारे अकरा तास लागतात आणि इतर एक्स्प्रेस गाड्यांना तेरा-चौदा. पण दीड तास विरुद्ध चौदा तास अशी तुलना मनात धरून जो तिकीट काढायला येतो, त्याला मी आधी ही बेरीज करून दाखवतो. वाचलेला वेळ नेमका किती आणि तो दिवसाच्या कोणत्या भागात वाचतो, हे समजल्यावरच पैशाचा विचार करावा.

हा हिशोब आमच्या घरावरही एकदा आला. माझे वडील नागपूरचे, अंबरनाथला कारखान्यात नोकरीला होते. ते गेल्यावर आई माझ्या धाकट्या भावाकडे इंदोऱ्याला राहायला गेली. २०२३ च्या जुलै महिन्यात एका रात्री नऊ वाजता धाकट्याचा फोन आला. आईला दवाखान्यात हलवले होते. डॉक्टर म्हणत होते की सकाळपर्यंत शुद्ध राहील असे दिसते, पुढचे सांगता येत नाही. आणि धाकटा म्हणाला, “दादा, आई सारखी ताईलाच विचारते आहे.”

ताई आम्हां भावंडांत थोरली. आमच्याच गल्लीत राहते, चार घरची धुणीभांडी करते. वडील पाळीवर आणि आई मजुरीला, तेव्हा आम्हां दोघांना तिनेच सांभाळले. त्यापायी तिची शाळा चौथीत सुटली. आईच्या मनात ती गोष्ट कायम होती, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते.

नागपूरच्या दोन रात्रीच्या गाड्या निघून गेल्या होत्या. कल्याणहून साडेदहाच्या सुमाराला एक मेल मिळण्यासारखी होती. मी वहीचे एक पान घेतले आणि मधोमध रेघ मारली. एका बाजूला मेल. ती वेळेवर चालली तर दुपारी साडेबाराला नागपूर, दवाखान्यात एक वाजता. दुसऱ्या बाजूला सकाळी सहाचे विमान. रात्री अडीचला घर सोडायचे, चारला विमानतळ, साडेसातला नागपूर, धाकटा दारात उभा राहील, पावणेनऊच्या आत दवाखाना. फरक सव्वाचार तासांचा. खर्चाची ओळही लिहिली. विमानाचे आयत्या वेळचे तिकीट आठ हजार सहाशे, टॅक्सी बाराशे. मेलचे जनरलचे तिकीट त्यापुढे काहीच नाही.

ताई म्हणाली, “बाबू, एवढ्या पैशात अख्खं घर नागपूरला जाऊन येईल.”

तिचे म्हणणे खरे होते. एरवी मीही तेच म्हटले असते. पण डॉक्टरांनी सकाळपर्यंतचे सांगितले होते आणि ते सव्वाचार तास नेमके सकाळचे होते. पैसे एकाच तिकिटापुरते होते. मग कोणी जायचे, याला फारसा विचार लागला नाही. ताई म्हणाली, “मला एकटीला नाही जमायचं. मी कधी त्याच्या जवळूनसुद्धा गेले नाही.” मी म्हटले, “ताई, जमेल. मी सगळं लिहून देतो.”

विमानतळाच्या दारातून तिकिटाशिवाय कोणाला आत सोडत नाहीत, हे माहीत होते. भाचा तिला दारापर्यंतच पोचवू शकणार होता. म्हणून मी मोठ्या अक्षरात चिठ्ठी लिहिली. दारावरच्या शिपायाला तिकिटाचा कागद आणि आधारकार्ड दाखव. आत कंपनीच्या खिडकीवर जा, तिथे पास देतील, तो जपून ठेव. पिशवी सोबतच ठेव, सात किलोच्या आत आहे. तपासणीत मोबाइल ट्रेमध्ये ठेवायचा, नंतर आठवणीने उचलायचा. पासवर गेटचा नंबर असतो, तो कुणालाही दाखवून विचार. विचारायला लाजू नकोस. मग मी, माझी बायको आणि मुलगा कल्याणला जाऊन मेलच्या जनरल डब्यात चढलो.

ताईने नंतर सांगितले, की आत गेल्यावर तो लांबच लांब हॉल पाहून तिचे पाय लटपटले. तिथे फरशी पुसणाऱ्या एका बाईला तिने चिठ्ठी दाखवली. त्या बाईने हातातले काम तसेच ठेवून तिला खिडकीपर्यंत नेले आणि तपासणीच्या रांगेत उभे केले. सहाचे विमान सहा वीसला उडाले. तरी साडेसातच्या सुमाराला नागपूरला दार उघडले. वेळापत्रकातल्या जास्तीच्या वेळेचे मी वर लिहिले, ते असे उपयोगी पडले.

ती आठ चाळीसला आईच्या खाटेजवळ पोचली. आईने डोळे उघडले, तिला ओळखले आणि पहिले काय विचारले तर, “जेवलीस का?” ताईने तिला चमच्याने पाणी पाजले, केस सारखे केले. दोघी बोलल्या. काय बोलल्या ते मी ताईला कधी विचारले नाही. सव्वाअकराच्या सुमाराला आईची शुद्ध हरपली. आमची मेल अर्धा तास उशिरा आली, आम्ही दीडला पोचलो. आई संध्याकाळी गेली.

सव्वाचार तासांतले अडीच तास ताईला मिळाले. त्याचे नऊ हजार आठशे रुपये झाले. ते मी पतसंस्थेतून घेतले आणि आम्ही तिघा भावंडांनी मिळून दिवाळीपर्यंत फेडले. ताईने तिचा वाटा हट्टाने दिला. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ हिशोब लिहिले, ऑफिसचे, पतसंस्थेचे, जयंतीच्या वर्गणीचे. त्या रात्री वहीच्या पानावर केलेला हिशोब मी जपून ठेवला आहे.

यावरून अडीअडचणीला विमानानेच जावे असे कुणी समजू नये. आमच्या शेजारच्या एका मुलीची नागपूरला सकाळी अकराला मुलाखत होती. वडील रंगकाम करतात, रोजावर. मुलीची धडपड पाहून त्यांनी विमानाचे तिकीट काढायचे ठरवले होते. आम्ही समाजमंदिरात बसून बेरीज केली. सकाळच्या विमानाने जायचे तर मध्यरात्री घर सोडावे लागणार, म्हणजे मुलगी रात्रभर जागी. आदल्या दुपारच्या विमानाने जायचे तर वडिलांचा एक रोज बुडणार आणि नागपूरला मुक्कामाची सोय पाहावी लागणार. दुरांतो रात्री आठनंतर मुंबईहून सुटते आणि सकाळी सात-साडेसातच्या सुमाराला नागपूरला पोहोचते. रात्र झोपेत जाते. रात्रीचे ते अकरा तास कुणाच्याही रोजातून कापले जात नाहीत. मुलगी गाडीने गेली, स्टेशनवर तोंड धुऊन, कपडे बदलून मुलाखतीला वेळेत हजर झाली. वाचलेल्या पैशातून तिने टायपिंगच्या परीक्षेची फी भरली.

कष्टकरी माणसाने तास मोजताना हे ध्यानात ठेवावे. पगारी नोकराचा एक दिवस गेला तर रजा जाते, रोजावरच्या माणसाचा गेला तर चूल अडते. रात्रीच्या प्रवासाचे बारा तास कधी कधी दिवसाच्या सहा तासांपेक्षा स्वस्त पडतात. घरातली पाच माणसे ऑक्टोबरात नागपूरला निघाली असतील तर विमानाचा खर्च पाचपट होतो, वेळ मात्र तेवढाच वाचतो. तेव्हा किती तास वाचले, ते कुणाचे वाचले आणि त्या तासांत काय करायचे आहे, हे तिन्ही प्रश्न स्वतःला विचारावेत.

आपली मुले आता आखाती देशांतही कामाला जातात. तिथे आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. मुंबई ते दुबई सुमारे १,९३० किलोमीटर आहे. समजा, तिकिटावर मुंबईहून सुटण्याची वेळ सकाळी १० आणि दुबईला पोहोचण्याची वेळ ११.४५ अशी लिहिली आहे. घरचे लोक वजाबाकी करून म्हणतात, पावणेदोन तासांत दुबई! तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापलेल्या असतात. दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे. तो दीड तास मिळवला की खरा प्रवास सव्वातीन तासांचा होतो. परत येताना उलट, तिकिटावर साडेचार तास दिसले तर त्यातून दीड तास वजा करायचा. मुलगा पोहोचल्याचा फोन कधी येईल याची वाट पाहणाऱ्या आईला हे आधी समजावून सांगितले, तर तिचा जीव तेवढा वेळ टांगणीला लागत नाही.

नागपूरचे विमानांशी नाते जुने आहे. १९४९ साली देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून टपालाच्या थैल्या घेऊन विमाने रात्री निघत आणि मध्यरात्री नागपूरला एकत्र येत. तिथे थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटे विमाने आपापल्या शहरी परत. नागपूर या चारही शहरांना मध्यावर पडते म्हणून ते निवडले. त्या काळची डकोटा विमाने तासाला पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर जात. म्हणजे मुंबईची थैली अडीच तासांच्या आत नागपूरला पोहोचत असणार. आमचे वाडवडील त्याच वेळी पॅसेंजरच्या लाकडी बाकावर बसून, भाकरी बांधून घेऊन, तोच रस्ता दिवस-रात्र कापत. पत्र विमानाने जाई आणि पत्र लिहिणारा गाडीने.

११ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब धर्मांतराच्या सोहळ्यासाठी दिल्लीहून नागपूरला आले ते विमानाने. ज्या लाखो लोकांसाठी ते आले, ती माणसे रेल्वेने, बैलगाडीने आणि कित्येक पायी आली होती. पुढे दोन महिन्यांच्या आत, ७ डिसेंबरच्या पहाटे, त्यांचे पार्थिव दिल्लीहून विमानानेच मुंबईला आणले गेले. २००५ साली नागपूरच्या विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ असे नाव देण्यात आले. ताई सांगते, की उतरण्याआधी विमानात घोषणा झाली, त्यात ते नाव ऐकले आणि तिची भीती गेली.

शेवटी व्यवहाराचे थोडे. मुंबईचे तिकीट काढताना आता विमानतळ कोणता ते नीट पाहावे, कारण नवी मुंबईच्या नव्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आहे. आमच्या अंबरनाथ-बदलापूरकडच्या लोकांना कोणता जवळ पडेल, तिथे जायला त्या वेळी वाहन मिळेल का, हे पाहूनच ठरवावे. जुन्या विमानतळावरही टर्मिनल दोन आहेत आणि त्यांच्यात बरेच अंतर आहे. तिकिटावरचे नाव आधारकार्डाप्रमाणे अक्षर न् अक्षर असावे. सोबतची पिशवी बहुधा सात किलोपर्यंत चालते. चालता न येणाऱ्या माणसाला चाकाची खुर्ची लागणार असेल, तर ते तिकीट काढतानाच सांगून ठेवावे. गाड्यांच्या आणि विमानांच्या वेळा बदलत असतात, तेव्हा त्या त्या दिवशी पुन्हा खात्री करावी.

आणि प्रत्येक घराने एक काम निवांत असताना करून ठेवावे, असे माझे सांगणे आहे. आपली माणसे जिथे जिथे आहेत, त्या गावांची नावे एका कागदावर लिहावीत. प्रत्येक नावापुढे रात्रीची शेवटची गाडी, सकाळचे पहिले विमान, आपल्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत लागणारे खरे तास आणि अंदाजे खर्च लिहावा. नववी-दहावीतल्या मुलामुलींना हे काम द्यावे, ते एका रविवारी करून टाकतील आणि त्यांचा भूगोल आणि गणित दोन्ही पक्के होईल. तो कागद दारामागे चिकटवावा आणि दर सहा महिन्यांनी वेळा दुरुस्त कराव्यात. रात्री नऊला फोन आला, की घाबरलेल्या माणसाला बेरीज सुचत नाही. ती आधीच करून ठेवलेली असावी.